विंडो अर्धी बाहेर, सेव्ह बटण टास्कबारखाली: स्क्रीनचं माप दर वेळी वेगळं का येतं

आपण बनवलेल्या प्रोग्रामबद्दल गिऱ्हाइकाचा फोन येतो तेव्हा त्यात 'डीपीआय' (एका इंचात किती ठिपके, याचा विंडोजचा आकडा) हा शब्द कधीच नसतो. पुण्यात लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानातून येतं, 'अहो, खालचं सेव्हचं बटणच दिसत नाहीये'. भोसरीच्या वर्कशॉपमधून येतं, 'खाली पट्टीवर प्रोग्राम चालू दिसतोय पण विंडोच कुठे नाही'. आणि नारायण पेठेतल्या प्रेसवाल्या काकांचं ठरलेलं, 'अक्षरं धूसर का दिसतायत, माझा चष्म्याचा नंबर वाढला का?' तिन्ही तक्रारी वेगळ्या वाटतात म्हणून प्रत्येकीला वेगळं ठिगळ लावलं जातं, आणि म्हणूनच त्या नवा लॅपटॉप, नवा मॉनिटर आला की परत उगवतात. बहुतेक वेळा मूळ एकच असतं. आपण विंडोजला माप विचारलं, त्याने उत्तरही दिलं, फक्त ते कुठल्या एककात, कुठल्या चौकटीचं आणि कुठल्या क्षणाचं हे आपण धरलंच नाही.

१५३६ दिसलं की थांबा

सगळ्यात आधी प्रोग्रामला मिळालेला आकडा बघा. विंडोजच्या गेटसिस्टिममेट्रिक्स या फंक्शनला स्क्रीनची रुंदी-उंची विचारा, पायथॉनवाले असाल तर टीकेइंटर या विंडो बनवायच्या लायब्ररीच्या विन्फो-स्क्रीनविड्थला विचारा, आणि १५३६ बाय ८६४ आलं तर पुढचं डीबगिंग सोडा, निदान झालं. १५३६ बाय ८६४ चा मॉनिटर तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दिवसभर फिरलात तरी मिळणार नाही. तो तुमचा नेहमीचा १९२० बाय १०८० आहे, सव्वाने भागलेला, म्हणजे डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल १२५ टक्के आहे. तोच मॉनिटर १५० टक्क्यांवर असेल तर १२८० बाय ७२० दिसतो. २५६० बाय १४४० वाला १२५ वर असेल तर २०४८ बाय ११५२. हे चार-पाच आकडे डोक्यात राहिले की फोनवरच अर्धं काम होतं.

आता हे भागतं कोण? विंडोजच्या हिशोबात १०० टक्के म्हणजे ९६ डीपीआय, १२५ म्हणजे १२०, १५० म्हणजे १४४, २०० म्हणजे १९२. ज्या प्रोग्रामने 'मला स्केलिंग समजतं' असं कधी सांगितलंच नाही त्याला विंडोज व्हिस्टापासून एक खोटं जग दाखवलं जातं, त्या जगात डीपीआय कायम ९६ आणि स्क्रीन त्या हिशोबाने लहान. प्रोग्राम बिचारा त्या लहान स्क्रीनवर चित्र काढतो आणि विंडोज ते ताणून मोठं करून दाखवतं. म्हणून १५३६ चा आकडा आणि प्रेसवाल्या काकांची धूसर अक्षरं हा एकच आजार आहे, काकांचा चष्मा ठीक आहे.

यात तीन पायऱ्या आहेत. पहिली अनअवेअर, म्हणजे वरचं खोटं जग. दुसरी सिस्टिम अवेअर, यात प्रोग्रामला मुख्य मॉनिटरचा खरा डीपीआय मिळतो, पण तो एकदाच, आणि दुसरा मॉनिटर वेगळ्या स्केलचा असेल तर तिथे परत ताणाताणी आणि धूसरपणा. तिसरी पर-मॉनिटर, विंडोज ८.१ मध्ये आली, आणि तिची सुधारलेली व्ही-२ आवृत्ती २०१७ च्या विंडोज १० च्या १७०३ अपडेटमध्ये. तुमचा चालू प्रोग्राम कुठल्या पायरीवर आहे हे बघायला कोडसुद्धा उघडायला नको. टास्क मॅनेजर, डिटेल्स टॅब, कॉलमच्या नावावर राइट क्लिक, सिलेक्ट कॉलम्स, आणि त्यात डीपीआय अवेअरनेस टिक करा. हे बरीच वर्षं काम केलेल्या लोकांनाही माहीत नसतं, आणि दोन मिनिटांत वाद मिटतो.

आता यावरचा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात वाईट उपाय म्हणजे कोडमध्ये १.२५ ने गुणणं. ज्युनियर येऊन म्हणतो, दादा झालं, आता बरोबर येतंय. येणारच, तुझ्या लॅपटॉपवर. गिऱ्हाइकाच्या काउंटरवर १०० टक्के आहे, मालकाच्या घरच्या पीसीवर १५०, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबत जाणारी, विंडोजला त्याची माहिती देणारी फाइल) अवेअर लिहिलं की हेच १.२५ उलटं नडतं, कारण तेव्हा आकडा आधीच खरा येत असतो आणि आपण त्याला परत गुणत असतो. मला कोडमध्ये असा दशांश आकडा दिसला की मी आधी तो काढतो, मग उरलेलं वाचतो.

बरोबर उपाय म्हणजे एकदाच ठरवा की प्रोग्राम कुठल्या पायरीवर चालणार, आणि ते मॅनिफेस्टमध्ये लिहा. कोडमधून सेटप्रोसेसडीपीआयअवेअरनेस-कॉन्टेक्स्ट वगैरे बोलावता येतं, पण ते पहिली विंडो तयार व्हायच्या आधी हवं, आणि मॅनिफेस्टने किंवा आधीच्या एखाद्या कॉलने पायरी ठरून गेली असेल तर तुमचा कॉल 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणून परत येतो. गंमत अशी की बहुतेक लोक रिटर्न व्हॅल्यू बघतच नाहीत, त्यामुळे 'अहो मी सेट केलंय की' म्हणून भांडतात आणि प्रत्यक्षात काहीच सेट झालेलं नसतं. डॉटनेटवाल्यांनी नव्या विनफॉर्म्समध्ये अ‍ॅप्लिकेशनचा सेटहायडीपीआयमोड वापरावा, तो डॉटनेट कोअर ३.० पासून आहे, जुन्या फ्रेमवर्कमध्ये ४.७ पासून अ‍ॅप कॉन्फिगमध्ये सोय आहे.

पायथॉनवाल्यांची एक वेगळीच तऱ्हा. टीकेइंटरची विंडो नीट दिसत असते, मग कोणीतरी माउस-कीबोर्ड आपोआप चालवायला पायऑटोगुआय इम्पोर्ट करतो, आणि त्या क्षणी विंडो आक्रसते, अक्षरं बारीक होतात, स्क्रीनची रुंदी १५३६ वरून १९२० होते. लोक म्हणतात लायब्ररीत बग आहे. ती लायब्ररी विंडोजवर इम्पोर्ट होतानाच प्रोसेसला अवेअर करून टाकते, कारण तिला क्लिक करायला खरे पिक्सेल लागतात. त्यामुळे इम्पोर्टच्या आधी घेतलेली मापं एका जगातली आणि नंतरची दुसऱ्या जगातली. उपाय साधा आहे, फाइलच्या अगदी पहिल्या ओळींत तुम्हीच अवेअरनेस ठरवा, मग बाकी कोण काय इम्पोर्ट करतंय याने फरक पडत नाही.

एक मात्र आधीच सांगतो, अवेअर केल्या केल्या आनंद होणार नाही. आतापर्यंत विंडोज ताणून देत होतं, आता ते बंद, म्हणजे तुम्ही २४ पिक्सेलचं बटण लिहिलंय ते खरंच २४ पिक्सेलचं दिसणार, १५० टक्क्यांच्या स्क्रीनवर मुंगीएवढं. मग प्रत्येक मापाला गेटडीपीआयफॉरविंडोचा आकडा (म्हणजे त्या विंडोचा डीपीआय) भागिले ९६ या गुणकाने गुणावं लागतं. हे काम मोठं आहे. शंभर-दीडशे फॉर्मचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर माझं स्पष्ट मत, अनअवेअर राहणं हा गुन्हा नाही. अख्खा प्रोग्राम एकाच खोट्या जगात सुखाने राहू शकतो, घोटाळा तेव्हाच होतो जेव्हा अर्धी मापं खोट्या जगातली आणि अर्धी खऱ्या जगातली एका बेरजेत येतात. फक्त अक्षरं धूसर एवढीच तक्रार असेल तर ईएक्सईच्या प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, त्यात 'सिस्टिम (एन्हान्स्ड)' लावून बघा, जीडीआय या विंडोजच्या जुन्या चित्र काढायच्या सोयीने रंगवणाऱ्या जुन्या प्रोग्रामची अक्षरं त्याने बऱ्यापैकी सुधारतात आणि कोडला हातही लागत नाही.

सेव्हचं बटण गेलं कुठे

या तक्रारीत एक गोष्ट भल्याभल्यांना पटत नाही, ती म्हणजे नव्या भारी लॅपटॉपवर तुमच्या फॉर्मला जुन्यापेक्षा कमी जागा मिळते. जुना लॅपटॉप १३६६ बाय ७६८, स्केल १०० टक्के. नवा १९२० बाय १०८०, पण १५.६ इंची स्क्रीनवर विंडोज स्वतःच १२५ किंवा १५० टक्के सुचवतं, आणि १५० वर अनअवेअर प्रोग्रामला उंची मिळते ७२०. म्हणजे ७६८ वरून ७२०! त्यातून टास्कबार वजा करा, विंडोज १० मध्ये ४०, विंडोज ११ मध्ये ४८, उरले ६७२. तुमचा फॉर्म ७०० उंचीचा असेल तर सेव्ह बटण गेलं खाली. दुकानदार म्हणतो 'नवा लॅपटॉप घेतला आणि तुमचं सॉफ्टवेअर बिघडलं', आणि त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं काही चुकत नाही.

इथे दोन गोष्टी करा. स्क्रीनची पूर्ण उंची विचारूच नका, गेटमॉनिटरइन्फोला विचारा, तो दोन चौकटी देतो, एक अख्ख्या मॉनिटरची आणि एक वर्क एरियाची, टास्कबार वगळून. फॉर्म उघडताना वर्क एरियात बसतोय का बघा, नसेल बसत तर उंची कमी करा आणि मधल्या भागाला स्क्रोल द्या, बटणांची पट्टी खाली डॉक करून ठेवा म्हणजे काहीही झालं तरी ती दिसेल. दुसरं, डिझाइन करतानाच डिस्प्ले १५० वर ठेवून एकदा सगळे फॉर्म उघडून बघा. २७ इंची मॉनिटरवर बसून फॉर्म बनवणाऱ्याला कसबा पेठेतल्या काउंटरवर काय दिसतं ते आपोआप कळत नाही.

कुठली चौकट

पुण्यात फ्लॅट बघायला गेलं की आपण आधी विचारतो, हे कार्पेट सांगताय की बिल्टअप की सुपर बिल्टअप? विंडोच्या मापाला हाच प्रश्न विचारायचा. गेटक्लायंटरेक्ट म्हणजे कार्पेट, आतली वापरायची जागा, टायटल बार आणि कडा सोडून. याचा डावा-वरचा कोपरा कायम शून्य-शून्य असतो, त्यामुळे विंडो स्क्रीनवर कुठे आहे हे त्यातून कळतच नाही, त्यासाठी क्लायंटटूस्क्रीन वापरावं लागतं. गेटविंडोरेक्ट म्हणजे सुपर बिल्टअप, कारण विंडोज १० पासून त्यात न दिसणाऱ्या कडाही मोजल्या जातात. डावीकडे, उजवीकडे आणि खाली, १०० टक्क्यांवर साधारण ७-७ पिक्सेल, माउसने पकडून विंडो ओढता यावी म्हणून ठेवलेली पारदर्शक पट्टी. डोळ्यांना जी विंडो दिसते ती या दोन्हींच्या मधली.

या ७ पिक्सेलनी लोकांचे तास खाल्लेत. दोन विंडो शेजारी शेजारी चिकटवायला जावं तर मध्ये १४ पिक्सेलची फट राहते. एका विंडोचा स्क्रीनशॉट कापायला जावं तर कडेने मागच्या वॉलपेपरची पट्टी येते. विंडो स्क्रीनच्या डाव्या कडेला अगदी टेकलेली दिसतेय आणि आकडा मात्र उणे ७. मॅक्सिमाइझ केलेली विंडो तर उणे ८ पासून सुरू होते, आणि हे बघून कोणीतरी 'विंडो बाहेर गेली' समजून ती आत ओढणारा कोड लिहितो आणि मॅक्सिमाइझचं वाटोळं करतो.

दिसणारी चौकट हवी असेल तर डीडब्ल्यूएमगेटविंडोअ‍ॅट्रिब्यूटला एक्स्टेंडेड फ्रेम बाउंड्स विचारा. पण सांभाळून, यात दोन काटे आहेत. एक, विंडो एकदा तरी स्क्रीनवर आल्याशिवाय हे माप मिळत नाही. दोन, आणि हे जास्त चावतं, हे माप कायम खऱ्या पिक्सेलमध्ये येतं, तुमच्या प्रोसेसची पायरी कुठलीही असो. अनअवेअर प्रोग्राममध्ये १२५ टक्क्यांवर गेटविंडोरेक्ट रुंदी ८०० सांगतं आणि त्याच विंडोची फ्रेम बाउंड्स ९८० च्या आसपास. आता यांची वजाबाकी करून 'कडेची जाडी' काढायला गेलात तर काय येणार, कल्पना करा. वर म्हणलं तसं, दोन जगांतली मापं एका बेरजेत. या फंक्शनची गरज असेल तर प्रोग्राम पर-मॉनिटर अवेअर करा, दुसरा सरळ रस्ता नाही.

उलटं गणित, म्हणजे आत ८०० बाय ६०० हवंय तर बाहेरून विंडो किती मोठी करू, यासाठी टायटल बारची उंची हाताने मिळवत बसू नका, अ‍ॅडजस्टविंडोरेक्टएक्सफॉरडीपीआय आहे, २०१६ च्या १६०७ अपडेटपासून. त्याला मेनू आहे हे सांगितलं तरी मेनू दोन ओळींत मोडला तर तो ती दुसरी ओळ धरत नाही, तेवढं लक्षात असू द्या.

डावीकडचा मॉनिटर

दुकानातल्या काउंटरवर हल्ली दोन स्क्रीन असतात, एक कॅशियरची आणि एक गिऱ्हाइकाकडे तोंड करून, बिल दाखवायला. आणि ती दुसरी स्क्रीन बऱ्याचदा डिस्प्ले सेटिंगमध्ये डावीकडे लावलेली असते. मुख्य मॉनिटरचा वरचा-डावा कोपरा म्हणजे शून्य-शून्य, मग डावीकडच्या स्क्रीनवरचा प्रत्येक एक्स उणे. हे पूर्णपणे कायदेशीर आहे. तरीही कोडमध्ये 'एक्स शून्यापेक्षा कमी असेल तर शून्य कर' अशी ओळ हमखास सापडते, कोणीतरी काळजीपोटी टाकलेली, आणि मग बिलाची विंडो काही केल्या गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर जात नाही.

त्याच जातीचा दुसरा बग, माउस मेसेजच्या एलपॅरममधून (मेसेजसोबत येणारा आकडा) एक्स काढायला लोवर्ड वापरणं, ज्याला उणे चिन्ह कळत नाही. उणे १०० चा ६५४३६ होतो, आणि पॉपअप मेनू तिकडे कुठेतरी लोहगाव विमानतळाच्या पलीकडे उघडतो. गेटएक्सएलपॅरम वापरा, तो चिन्ह सांभाळतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की एकापेक्षा जास्त मॉनिटर असतील तर लोवर्ड वापरू नका, पण कॉपी-पेस्टमधून तो अजून फिरतोच आहे.

आणि गेटसिस्टिममेट्रिक्सची साधी रुंदी-उंची फक्त मुख्य मॉनिटरची असते हे विसरू नका. सगळे मॉनिटर मिळून जो मोठा आयत होतो तो व्हर्च्युअल स्क्रीन, त्याचे चार आकडे त्याच फंक्शनमध्ये ७६ ते ७९ नंबरवर मिळतात आणि मॉनिटर किती ते ८० वर. त्या आयतात अशी जागाही असू शकते जिथे कुठलाच मॉनिटर नाही, दोन स्क्रीन वेगवेगळ्या उंचीच्या असल्या की कोपरा रिकामा राहतो. म्हणून विंडो व्हर्च्युअल स्क्रीनच्या आत आहे म्हणजे दिसतेय असं धरू नका, मॉनिटरफ्रॉमरेक्टला 'नसेल तर नल दे' असं सांगून विचारा.

आता भोसरीवाल्यांची 'विंडोच नाही' ची तक्रार. बहुतेक सॉफ्टवेअर बंद होताना विंडोची जागा सेव्ह करतात. विंडो मिनिमाइझ असताना प्रोग्राम बंद केला तर गेटविंडोरेक्ट सांगतं उणे ३२०००, उणे ३२०००, विंडोज मिनिमाइझ केलेल्या विंडो तिकडे ठेवतं. तेच सेव्ह झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्राम इमानेइतबारे तिकडेच उघडला. दुसरं कारण, काल दुसरा मॉनिटर जोडलेला होता आणि आज काढलाय. फोनवरचा तात्पुरता उपाय असा, टास्कबारवर प्रोग्राम निवडा, ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, मग कुठलंही एक बाणाचं बटण, आणि आता माउस हलवा, विंडो माउसला चिकटून येते. हे काकांना समजावताना थोडा धीर ठेवावा लागतो.

कायमचा उपाय, सेव्ह करताना गेटविंडोप्लेसमेंट वापरा, त्यातली नॉर्मल पोझिशन मिनिमाइझ असतानाही खरी असते. आणि परत लावताना सेटविंडोप्लेसमेंटच वापरा, सेटविंडोपोझ नको. कारण प्लेसमेंटमधले आकडे स्क्रीनच्या नाही तर वर्क एरियाच्या कोपऱ्यापासून मोजलेले असतात. टास्कबार खाली असेल तर दोन्ही सारखेच, म्हणून टेस्टिंगमध्ये कळत नाही, पण ज्याने टास्कबार वर किंवा डावीकडे नेलाय त्याच्याकडे प्रत्येक वेळी प्रोग्राम उघडला की विंडो टास्कबारच्या जाडीएवढी सरकते. दर उघडण्याला थोडी थोडी सरकणारी विंडो दिसली की हेच समजायचं.

विंडो एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर ओढताना मध्येच थरथरते, मोठी-लहान-मोठी होत राहते, अशी तक्रार असेल तर दोन्हींचं स्केल वेगळं आहे आणि तुम्ही डब्ल्यूएम-डीपीआयचेंज्ड मेसेजमध्ये (डीपीआय बदलला की विंडोज हा पाठवतं) स्वतःचं गणित करताय. त्या मेसेजच्या एलपॅरममध्ये विंडोज एक सुचवलेली चौकट देतं, ती जशीच्या तशी लावा. स्वतः मोजलेली चौकट थोडी मोठी निघाली की विंडोचा जास्त भाग परत दुसऱ्या मॉनिटरवर जातो, परत मेसेज येतो, परत गणित, आणि हा खेळ थांबत नाही.

कधी विचारलं

माप एक बाय एक आलं तर घाबरू नका, घाई झालीय एवढंच. टीकेइंटरमध्ये विंडो अजून मांडलीच गेली नसताना विन्फो-विड्थ १ देतं, आधी अपडेट-आयडलटास्क्स बोलवा मग विचारा. जावा स्विंगमध्ये पॅक व्हायच्या आधी गेटइन्सेट्स शून्य देतो. क्यूटी या विंडो बनवायच्या लायब्ररीत शो व्हायच्या आधी फ्रेमजॉमेट्री आणि जॉमेट्री सारखीच येते, कारण चौकट अजून चढलेलीच नसते. विंडो मध्यभागी आणायचा कोड थोडासा खाली-उजवीकडे चुकतो तो बहुतेक यामुळेच. थ्रेड स्लीप टाकून हे सुटल्यासारखं वाटतं, तुमच्या मशीनवर. इव्हेंटची वाट बघा.

जावावाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा, आठवरून अकरावर किंवा सतरावर गेलात आणि गेटस्क्रीनसाइझ अचानक १९२० ऐवजी १५३६ द्यायला लागलं, तर तो बिघाड नाही, जावा ९ पासून स्केलिंग आत आलंय. गुणक हवा असेल तर ग्राफिक्स कॉन्फिगरेशनच्या डिफॉल्ट ट्रान्सफॉर्ममध्ये मिळतो. क्यूटी ५ मध्ये स्केलिंग चालू केलं तर १.५ चं राउंड होऊन २ व्हायचं, म्हणून १५० टक्क्यांवर सगळं अवाढव्य दिसायचं, क्यूटी ६ मध्ये ते राउंडिंग डिफॉल्टला नाही. त्यामुळे तेव्हा लावलेले 'थोडं लहान करा' वाले जुगाड अपग्रेड करताना शोधून काढा. इलेक्ट्रॉनमध्ये (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप अ‍ॅप बनवायची सोय) स्क्रीन मॉड्यूलला अ‍ॅपचा रेडी इव्हेंट येईपर्यंत हात लावू नका, आणि त्याची मापं स्केल भागून आलेली असतात.

लिनक्सवर दोन मॉनिटर असतील तर टीकेइंटर बऱ्याचदा दोन्हींची मिळून रुंदी देतो, म्हणून 'मध्यभागी' आणलेली विंडो बरोबर दोन स्क्रीनच्या फटीत उभी राहते. आणि वेलँडवर (लिनक्समध्ये विंडो दाखवायची नवी व्यवस्था) तर विंडो स्क्रीनवर कुठे आहे हे प्रोग्रामला सांगितलंच जात नाही, तो प्रोटोकॉलच तसा आहे. उबुंटू २१.०४ पासून डिफॉल्टला वेलँडच येतं, तेव्हा 'मूव्ह काम करत नाही' म्हणून रात्र घालवण्याआधी सेशन कुठलं आहे ते बघा. मॅकवर अ‍ॅपकिट या विंडो बनवायच्या लायब्ररीत शून्य-शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे आणि वाय वर वाढतो, विंडोजचा कोड तिकडे नेला की सगळं उलटं टांगलेलं दिसतं.

'माझ्याकडे तर नीट चालतंय'

गिऱ्हाइकाकडचा घोटाळा बघायला रिमोट डेस्कटॉपने आत शिरलात तर तो बऱ्याचदा दिसणारच नाही. रिमोट डेस्कटॉपच्या सेशनला रिझोल्यूशन आणि स्केलिंग तुमच्या, म्हणजे जोडणाऱ्याच्या मशीनचं मिळतं. म्हणजे बाणेरला घरी बसून तुम्ही त्याच्या पीसीवर स्वतःचाच डिस्प्ले बघताय. एनीडेस्कसारखं काही वापरा, त्यात समोरच्या स्क्रीनवर जे आहे तेच दिसतं. तसंच टास्क शेड्यूलरमध्ये 'यूजर लॉगिन असो नसो चालव' असं ठेवलेलं स्क्रीनशॉटचं स्क्रिप्ट १०२४ बाय ७६८ सांगत असेल आणि चित्र काळं येत असेल, तर ते अशा सेशनमध्ये चालतंय जिथे खरा डेस्कटॉपच नाही, कोडमध्ये काही शोधू नका, 'यूजर लॉगिन असेल तेव्हाच' करा.

या सगळ्यासाठी प्रोग्राम सुरू होताना लॉग फाइलमध्ये काही ओळी पाडा: प्रोसेसची डीपीआय पायरी, प्रत्येक मॉनिटरची पूर्ण चौकट, वर्क एरिया आणि डीपीआय, त्यातला मुख्य कुठला, मुख्य विंडोची गेटविंडोरेक्ट, आणि एनमडिस्प्लेसेटिंग्जने दिलेलं चालू मोडचं खरं रिझोल्यूशन. शेवटचा आकडा आणि मॉनिटरची चौकट यांचा भागाकार १.२५ किंवा १.५ आला की प्रोसेस खोट्या जगात आहे हे एका नजरेत कळतं. गिऱ्हाइकाला सांगायचं, ती फाइल व्हॉट्सअ‍ॅप करा, बास.

आणि दहा मशीनपैकी एकाच मशीनवर लॉगमधली पायरी मॅनिफेस्टपेक्षा वेगळी निघाली, म्हणजे तुम्ही लिहिलंय सिस्टिम आणि लॉग म्हणतोय पर-मॉनिटर, तर तिथे कोणीतरी यूट्यूबवर बघून कम्पॅटिबिलिटी टॅबमधलं 'ओव्हरराइड' टिक केलंय. ते काढा, 'सगळ्या यूजरसाठी' या बटणाच्या आतही एकदा बघा, तिथेही तीच टिक असू शकते, आणि प्रोग्राम पूर्ण बंद करून परत चालू करा, चालू प्रोग्रामवर या टिकचा परिणाम होत नाही.